ट्रेमधला पेनड्राईव्ह

लॅपटॉप पाचव्यांदा काळाठिक्कर पडला आणि वरच्या कोपऱ्यात तीच पांढरी ओळ उमटली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. सिस्टरनं चष्मा वर सरकवला, घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं. चार वाजून बारा मिनिटं. पेशंट प्रतिसाद देत नाही.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीला ती सिस्टरच होती, आणि घरातही तिचा वॉर्डच चालू होता. वहीत रकाने आखलेले: वेळ, लक्षण, उपाय, साधन परत, आणि शेवटी 'ताबा घेणारा'. पाळी संपली की पुढच्या नर्सनं सही करायची, तो रकाना. हाताला वळण, म्हणून आखला गेला. सहा पानं भरली, तो कोराच.

हा सारा आटापिटा एका फाइलसाठी. नवरा ग्रंथपाल, तो दिवसा कामावर, ही रात्रपाळीला. दोघांचा संसार स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर झाला. निवृत्तीनंतर तिच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यानं नंबर देऊन आपल्या मॅक कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि प्रत्येकीखाली काहीतरी लिहीत बसायचा. ती डोकावली की स्क्रीनवर हात ठेवायचा. "पुरं झाल्याशिवाय बघायचं नाही, मेट्रनबाई." मेट्रन ती कधी झालीच नाही. पुरं व्हायच्या आधी तो गेला, आणि तीन महिन्यांत त्याच्या जुन्या मॅकनंही मान टाकली. फाइलची प्रत एका डिस्कवर होती, पण ती उघडणार फक्त मॅकवर, आणि ओळखीत मॅक कुणाकडे नव्हतं.

"माझा जुना लॅपटॉप आहे ना घरी," परदेशातला मुलगा म्हणाला होता. "त्यावरच मॅकची सिस्टीम बसवू. मी पेनड्राईव्ह तयार करून पाठवतो. पण घर परक्याचं, नखरे होणार."

"नव्या सुनेसारखे?"

"सून गुणी आहे गं. सासू खाष्ट आहे, दार उघडत नाही."

पहिल्या दिवशी सासूनं खरंच दार उघडलं नाही. लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगमध्ये एक पहारा बंद करायला लागला. दुसऱ्या दिवशी सिस्टीम किती बसली ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर अडकली. पेनड्राईव्ह दुसऱ्या खाचेत लावला तशी पुढे सरकली. त्यानंतर मात्र एकच रडगाणं. पट्टी भरायची, यंत्र आपोआप बंद होऊन चालू व्हायचं, आणि काळोख.

आज फोनवर मुलाचा आवाज थकलेला होता. "आई, लॅपटॉपची डिस्कच गेली असणार. सोड आता. मी आलो की बघू."

"कधी येतोयस?"

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. "बघतो ना."

तिनं फोन ठेवला. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर दिसत होती. मग सवयीनं तिनं वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. डॉक्टरांनी हात टेकले की ती हेच करायची: औषधं नव्हे, नोंदी वाचायच्या.

तिसरा प्रयत्न. पट्टी पूर्ण, चार दहा. साधन परत, चार अकरा. काळोख, चार बारा.

चौथा. साधन परत, मग काळोख. पाचवा, तसाच.

तिनं टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेकडे पाहिलं. पुसलेला पेनड्राईव्ह त्यात सरळ रेषेत ठेवलेला होता. काम झालं की साधन काढायचं, पुसायचं, मोजून ट्रेमध्ये ठेवायचं. चाळीस वर्षांत एकही चिमटा ती कुठे विसरली नव्हती. आणि इथे पेशंट स्वतःचा श्वास घ्यायला लागण्याआधीच ती रोज त्याची नळी काढत होती.

"अगं बये," ती स्वतःलाच म्हणाली.

सहाव्या वेळी पट्टी भरली तशी तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. यंत्र बंद झालं, चालू झालं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळोख आला नाही. उजेडातच सिस्टीम बसली.

तिनं प्रतीची डिस्क जोडली आणि फाइल उघडली. चिठ्ठी क्रमांक एक, तिची: "भाजी झाकून ठेवली आहे. गरम करून घ्या. वाट पाहू नका." खाली त्याचं: "गार खाल्ली. वाट पाहिली."

ती वाचत गेली. "दूध उतू गेलं, मांजराचं फावलं." "तुझी उशी माझ्याकडे आहे, शोधू नकोस." एका ठिकाणी ती मोठ्यानं हसली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. दोनशे सव्वीस. दोनशे सत्तावीस.

दोनशे अठ्ठावीस, तिची: "आज डबल पाळी आहे. उद्या सकाळी येते." खाली काही नव्हतं. पुढे पानंच नव्हती.

फोन वाजला. "आई, मला सुचलं! पेनड्राईव्ह मध्येच काढत नव्हतीस ना?"

"काढत होते. या वेळी नाही काढला. उघडलं सगळं."

"अगं, ग्रेट! आता शेवटची पायरी राहिली. त्यातलं थोडं लॅपटॉपच्या डिस्कवर घ्यायचं, म्हणजे पेनड्राईव्ह काढून ठेवता येईल. सांगू?"

"आज नको. उद्या सांग."

"पाच मिनिटांचं काम आहे गं."

"मग उद्या पाचच मिनिटं फोन कर."

तो हसला. "चार वाजता?"

"चार वाजता."

तिनं ट्रे पुसून रिकामाच कपाटात ठेवला. वही ओढून लिहिलं: पेशंट स्थिर. साधन जागेवर. शेवटच्या रकान्याशी पेन थोडा वेळ थांबला. मग वही तशीच मिटून ती लॅपटॉपकडे वळली आणि पहिल्या चिठ्ठीपासून पुन्हा वाचू लागली.