बटणांचा दगड

दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे चढवून "आता नीट दिसतंय ना?" असं विचारणारा माणूस. त्याला स्वतःच्या घरात काय दिसलं नाही, ते सांगायचं तर सुरुवात त्याच्या काचेच्या टाकीपासूनच करावी लागेल.

चष्मेवाल्याला हे खूळ लागलं ते पंचेचाळिशी उलटल्यावर. या वयात इतर माणसं सकाळची फिरायला जातात, नाहीतर गुडघे धरून बसतात. यानं बैठकीच्या खोलीत अख्खी भिंत अडवून खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. त्यात नुसते मासे नव्हते, प्रवाळ होते. समुद्राच्या तळाशी असतात तसे जिवंत दगड, आणि त्यांच्यावर फुलणारे, डोलणारे, बोट लावलं की मिटणारे जीव. त्यांना निळे दिवे लागत, मोजून कालवलेलं मीठ लागे, गाळलेलं पाणी लागे, आणि पाणी तापू नये म्हणून दिवसभर एसी लागे. एसी चालू म्हणून घराच्या खिडक्या कायमच्या बंद. "मासे गारव्यात लोळतात आणि मी शाल पांघरून शिवते," असं त्याची बायको म्हणायची. पण हसत म्हणायची, म्हणून त्यानं ते कधी मनावर घेतलं नाही.

ती घरीच शिवणकाम करायची. तिचं मशीन इतकं जुनं होतं की त्याच्या खडखडाटानं शेजारपाजारच्यांना कळे, आज कुणाचं तरी काम आलंय. मशीनशेजारी कापडाच्या ढिगावर त्यांचा बोका झोपलेला असायचा. टाकीतल्या दगडांवर दाटीवाटीनं उगवणाऱ्या गोल गोल जीवांना 'बटणं' हे नाव तिनंच ठेवलं, आणि मग घरात तेच रुळलं. हिरव्या काठाची नारिंगी बटणं तिला फार आवडायची. "असली मिळाली असती ना, तर पोरींच्या फ्रॉकना काय शोभली असती," ती म्हणायची.

असली बटणं दुकानात नगावर विकतात, हे चष्मेवाल्यानं तिला सांगितलं नव्हतं. तळहाताएवढ्या तुकड्याच्या पैशांत नवं शिलाई मशीन आलं असतं, हे तर मुळीच नाही. प्रवाळाच्या दुकानदाराला सगळे कॅप्टन म्हणत. गडी जन्मात बोटीवर चढला नव्हता, पण डोक्यावर पांढरी टोपी असायची. त्याच्याकडे दहा मोजायचे आणि घरी एक सांगायचा, हा चष्मेवाल्याचा शिरस्ता. कधीकधी तर तोही नाही. "कॅप्टननं माशांवर फुकट दिलं," अशी लोणकढी थाप मारून तो मोकळा व्हायचा. बायको "बरं" म्हणायची. त्याला वाटायचं, पचली.

कॅप्टनकडून आणलेल्या नारिंगी बटणांच्या एका मोठ्या दगडाच्या कोपऱ्यात चार तपकिरी बटणं चोरपावलांनी आली होती. सहा महिन्यांत त्यांनी सगळा दगड बळकावला आणि नारिंगी बटणांच्या नरड्याला नख लावलं. शेवटी एका संध्याकाळी चष्मेवाल्यानं दगड टाकीतून काढून बादलीत घातला आणि बादली मोरीशेजारी ठेवली. दगडाच्या मागच्या अंगाला नारिंगी बटणांचा एक पुंजका अजून तग धरून होता. तो रविवारी सावकाश कापून काढायचा त्याचा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो बायकोला म्हणाला, "हा दगड गेला बघ कामातून. आता दुसरा आणावा लागणार."

एवढं बोलून तो दुकानात गेला. बोलायचं ते बोलला नाही आणि नको ते बोलून गेला.

दुपारी जेवायला तो घरी आला, दार उघडलं, तर चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसत तो स्वयंपाकघरात गेला. शेगडीवर घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं होतं. पाणी खदखदत होतं आणि त्या पाण्यात त्याचा दगड होता. बायको बाह्या सरसावून, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात तारेचा ब्रश घेऊन दगड घासत होती. सगळ्या ओट्यावर शिंतोडे उडाले होते. बोका खाली सांडलेलं पाणी हुंगत होता.

"आलात?" ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "बघा, निम्मा झाला स्वच्छ. उगाच फेकून द्यायला निघाला होतात. हट्टी आहेत मेली, पण उकळलं की सुटतात."

चष्मेवाल्यानं पातेल्यात वाकून पाहिलं. पाण्याबाहेर काढली की सगळीच बटणं मिटतात, आणि मिटली की नारिंगी कुठली न् तपकिरी कुठली, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तिला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. मागच्या अंगाचा पुंजका शिजून पांढरा पडला होता.

तो मटकन बसलाच असता, पण आधी त्याचं तोंड सुटलं.

"अगं, काय केलंस हे? जिवंत दगड होता तो. उकळून मारलास. आणि ही मागची नारिंगी होती, ती पण गेली. काय किंमत होती याची, कल्पना आहे तुला?"

तिनं चिमटा ओट्यावर ठेवला.

"दोन महिन्यांचं घरभाडं," तो म्हणाला. "एवढ्याशा तुकड्याचं. फुकट नव्हतं आलं. काहीच फुकट नव्हतं आलं."

इतक्या दिवसांचं लपवलेलं असं एका दमात बाहेर पडल्यावर तो स्वतःच हबकला. आता ती काय बोलणार म्हणून त्यानं अंग चोरलं. तिनं ब्रश खाली ठेवला, गॅस बंद केला, भिंतीचा आधार घेत उभी राहिली आणि म्हणाली, "मला जरा पडू द्या."

आतल्या खोलीत जाऊन ती पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

वीस वर्षांच्या संसारात ती भिंतीकडे तोंड करून झोपली म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला राग आला की ती भांडायची नाही, पाठ करायची. अशा वेळी खोलीतून निघून जायचं, तासाभरानं चहाचा कप घेऊन यायचं आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायचं, ही त्याची रीत. तो बाहेर गेला आणि टाकीसमोर बसला. आत ती खोकत होती, तेही त्याला रागाचंच वाटलं. त्यानं सबबी जुळवायला घेतल्या. दारू नाही, पत्ते नाहीत, एवढं एकच तर आहे, असं म्हणावं. नाहीतर नव्या मशीनचा विषय काढावा. खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटत होतं. फुटलं एकदाचं बिंग, आता दोन दिवस धुसफूस होईल आणि मिटेल. त्याच्याही घशात खवखवत होतं. त्यानं खाकरून घसा मोकळा केला आणि पुन्हा सबबींकडे वळला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बोका आला. म्हणजे यायला निघाला. दारातच त्याचे मागचे पाय फाकले, तो कलंडला, पुन्हा उठायला गेला, पुन्हा कलंडला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि पोट भात्यासारखं हलत होतं.

चष्मेवाला त्याच्याकडे बघतच राहिला. बोका काही पैशांवरून रुसत नाही.

आणि मग त्याला कॅप्टन आठवला. दगड पिशवीत घालता घालता बोललेला कॅप्टन. "एक ध्यानात ठेव. या बटणांच्या अंगात विष असतं, आणि साधंसुधं नाही. हातमोजे घातल्याशिवाय शिवायचं नाही. डोळ्यांना चष्मा लावायचा, तो तर तुझ्याकडे दुकानभर आहे. आणि गरम पाण्याचं नावसुद्धा काढू नकोस. वाफ छातीत गेली तर माणूस जातो." तेव्हा तो चष्म्याच्या विनोदाला मनापासून हसला होता. घरी येऊन त्यानं चकार शब्द काढला नव्हता. बायको म्हणाली असती, एक तर ते घरात राहील नाहीतर मी. टाकीत हात घालतो तो मीच, मग हिला कशाला उगाच घाबरवायचं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. किंमत लपवली तसं हेही लपवलं. एकाच गाठोड्यात बांधलं.

तो आत धावला.

तिला हलवलं तर हाताला चटका बसावा इतकं अंग तापलेलं, आणि तरी ती थरथर कापत होती. ओठ निळसर पडले होते. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. रागाची पाठ नव्हती ती. तो तिकडे सबबी जुळवत बसला होता तेव्हा इकडे तिचा श्वास कोंडत चालला होता.

"हाक का नाही मारलीस गं?"

"तुम्ही रागावला होतात," ती कशीबशी म्हणाली. "तोंडात कसं लोखंड चघळल्यासारखं होतंय."

त्यानं घराच्या खिडक्या उघडल्या, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. एक खिडकी तर गंजून बसली होती, ती त्यानं खांद्यानं ढकलली. मग बायकोला पाठुंगळी घेऊन जिना उतरला. मध्येच त्याला स्वतःलाही खोकल्याची उबळ आली आणि कठड्याला धरून थांबावं लागलं. पाठीवर ती फारच हलकी वाटत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईत होत्या. "कशाची वाफ म्हणालात?"

"दगडाची."

"दगडाची?"

"प्रवाळाचा दगड. शोभेच्या टाकीतला. त्यावरच्या जिवांत विष असतं. उकळलं की वाफेतून पसरतं."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि त्यांना?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडून कॅप्टनचा नंबर घेतला, विषाचं नाव विचारून घेतलं, आणखी कुठे कुठे फोन केले. मग बाहेर येऊन त्याला म्हणाल्या, "यावर उतारा नाही. श्वासाला आधार देत राहायचं आणि शरीर झुंजतंय का ते बघायचं. तुम्हीही नळी लावून घ्या, तुमचाही श्वास ठीक नाही."

नाकात नळी घालून तो काचेच्या दारासमोर बसला. काचेपलीकडे निळसर उजेडात ती निपचित पडली होती, आणि तिच्या भोवती नळ्या, पंप, बुडबुडे. त्यानं मान फिरवली. गेली कित्येक वर्षं तो असाच काचेसमोर बसत आला होता, आणि त्या काचेआड एखादा जीव जरा मलूल दिसला तरी याची झोप उडायची. हिचा आवाज बसलेला त्यानं स्वयंपाकघरात ऐकला होता. कानानं ऐकला होता आणि दगडाच्या किमतीकडे वळला होता. त्याला रडू फुटलं. शेजारी बसलेल्या माणसानं उठून त्याला पाणी दिलं, तेही त्याला नीट पिता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला तो घरी गेला. दारं-खिडक्या सताड उघडी होती, पडदे उडत होते. बोका टाकीच्या पायथ्याशी पडला होता. गार झाला होता. वर टाकीत निळे दिवे आपोआप लागले होते आणि मासे मजेत पोहत होते. मग त्यानं बोक्याला तिच्या शिवणातल्या मऊ कापडात गुंडाळलं आणि टाकीचे दिवे बंद केले.

ती वाचली. तिच्या तोंडावरचा मुखवटा काढून नाकात नळी घातली त्या दिवशी दुपारी त्याला आत सोडलं. तिचा आवाज घोगरा झाला होता आणि दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. तो स्टूल ओढून बसला. सबबी कधीच विरून गेल्या होत्या.

"मी किमतीचं खोटं बोललो," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"माहीत होतं मला."

त्यानं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तुमच्या पन्नाशीला काही घ्यावं म्हणून गेले होते. कॅप्टनकडे." ती थांबली. "नारिंगी बटणं मागितली. त्यानं भाव सांगितला. मी तशीच परत आले आणि तुम्हाला स्वेटर घेतला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? संध्याकाळी त्या काचेसमोर बसता तेव्हा लहान पोरासारखे दिसता. म्हटलं, असू दे. दुसरी कुठली भानगड असती तर याहून महागात पडली असती." ती हसायला गेली आणि तिला ठसका लागला. तो ओसरेपर्यंत त्यानं तिचा हात धरून ठेवला. "भाव माहीत होता म्हणूनच तर दगड घासायला बसले. म्हटलं, नवा नको घ्यायला. तुमचे तेवढे पैसे वाचतील."

चष्मेवाल्याला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"त्या दिवशी घेतली असती बटणं," ती म्हणाली, "तर विषाचंही कॅप्टननं सांगितलं असतं ना मला?"

"हो. सगळ्यांना सांगतो तो."

"पैशांचं नसतंत सांगितलं तरी चाललं असतं हो. हे तेवढं सांगायचं होतंत."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं कुरकुरत गेली. तिनं डोळे मिटले. झोपली असं त्याला वाटलं, तोच तिनं डोळे न उघडता विचारलं, "बोका कसा आहे? दूध पितोय ना?"

'मजेत आहे' हे त्याच्या ओठांवर आलं होतं. सहज आलं होतं, इतक्या वर्षांच्या सवयीनं. ती अशक्त होती, डॉक्टरीणबाईंनी मनाला लावून घेऊ देऊ नका असं बजावलं होतं, सबब अगदी हाताशी होती.

"गेला," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

तिनं हळूहळू कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. या वेळी चष्मेवाला खोलीतून बाहेर गेला नाही.