वीत कुणाची

पाचवा तुकडाही फ्रेममध्ये हलला. चारी बाजूंनी दीड-दीड बोट जागा रिकामी. शिवणवालीने तो उचलला आणि टेबलावर बाकीच्या चारांशेजारी ठेवला. शर्टाच्या कारखान्याने नाकारलेलं कापड, आणि त्यावर दोऱ्याने भरलेली चित्रं: गेटवरची झडती, जिन्यावर बसून खाल्लेला डबा, सुपरवायझरची पाठ.

"सगळ्यांची नऊ इंच आहेत," कलामंडळाचे सर म्हणाले. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. "तुमचीच कशी आखूड?"

"पत्रात तुम्ही वीतभर लिहिलं होतं."

"वीत म्हणजे नऊ इंच. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल."

"कुणाची वीत?"

मंडळातला सुतार कोपऱ्यात फ्रेमा ठोकत होता. त्याचीही चित्रं लागणार होती. "बाईंनी चिमणीची घेतली असेल," तो म्हणाला.

तिने उजवा पंजा कापडावर ताणला. करंगळी मुळापासून नव्हती. अंगठ्यापासून उरलेल्या शेवटच्या बोटापर्यंत, कापड काठोकाठ बसलं.

कोपऱ्यातली ठोकाठोक थांबली.

सरांनी खुर्ची ओढली. आवाज एकदम मऊ झाला. "अहो, हे आधी नाही का सांगायचं? मशीनवर गेली ना? खाली पाटीवर लिहू या. लोक थांबतील, हळहळतील. दारासमोरची भिंत तुम्हालाच देतो."

"पाटीवर लिहा, सुती कापड, सुती दोरा."

"आणि बोट?"

"बोट चित्रात नाही."

"जरा मापात राहा, बाई. ती भिंत कुणालाही मिळत नाही."

"मापातच आहे. मोजून घ्या." ती तुकडे एकावर एक रचू लागली. "हळहळायला मी कुणाला बोलावलं नाही. बघायला बोलावलंय. जमत नसेल तर नेते. घरीही भिंती आहेत."



सुतार उठला. हात पँटला पुसून त्याने वरचा तुकडा उचलला. सुपरवायझरची पाठ होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने नऊ इंची फ्रेम उलटी केली आणि खिळे उपटायला घेतले.

"अरे, ती तयार फ्रेम आहे," सर म्हणाले.

"होती."

त्याने करवत जवळ ओढली, कानावरची पेन्सिल काढली आणि मान वर न करता विचारलं, "सात करू?"

"पावणेसात," ती म्हणाली.