तानबाजी आल्याशिवाय तारा बोलत नाही

टों... टों... टों...

लाउडस्पीकरमधून आवाज घुमला आणि मांडवातल्या दीड-दोनशे माणसांनी एकदम हात जोडले. गावातल्या आनंदाबाईंनी तर डोळेच मिटले. समोर चौरंगावर एक जुनी, गंजलेली डिश होती. तिला हळदकुंकू लावलेलं आणि गळ्यात झेंडूचा हार. डिशला गळा कुठे असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आले! आपले तारकाबंधू आले!" अंतरिक्षानंद महाराज हात उंचावून म्हणाले. "ब्याऐंशी प्रकाशवर्ष दूरसे! देखो माताजी, किती प्रेमानं बोलून राह्यले! अमेरिकेवाले साठ वर्षांपासून कान लावून बसले, त्याहिले एक शब्द भेटला नाई. आपल्याले भेटला. काऊन? त्याहिच्यापाशी मशीन हाय, भक्ती नाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मी वर्ध्याला चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आहेत. आता रेडिओ कोणी आणत नाही म्हणून मिक्सर दुरुस्त करतो, पण खरखरीचा आवाज कानावर पडला की अजूनही बोटं शिवशिवतात. डिशमधून निघालेली वायर महाराजांच्या नक्षीदार पेटीत जात होती. पेटीत काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं. पेटीतून दुसरी वायर माइकवाल्याच्या मशीनला, आणि त्या मशीनवर आवाज घुमवायचं, इकोचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं.

तेवढ्यात मांडवाच्या दारात माझे भाऊजी, तानबाजी, आले. पायाला शेतातली माती, हातात बॅटरी.

"पाहा, पाहा!" महाराज गरजले. "शुभ पायाचा माणूस घरून निघाला की तारा बोलते! रोज पाहून राह्यले ना तुम्ही? तानबाजी आल्याशिवाय तारा बोलत नाई!"

भाऊजींना पहिल्या रांगेतली खुर्ची होती, फेटा होता. या माणसाला जन्मात कोणी लग्नाच्या मांडवातसुद्धा पुढे बोलावलं नव्हतं. वांगी, टमाटे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचं, वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचं आणि गुपचूप घरी यायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. ते खुर्चीत बसले, मान ताठ केली, आणि मला त्यांचं थोडं हसू आलं, थोडी मायाही वाटली.

पण शेजारी त्यांची बायको, माझी मोठी बहीण वच्छलाबाई बसली होती; आमच्या घरात ती नुसती 'बाई'. तिच्याकडे पाहिलं की हसू मावळत होतं.

बाईला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खात येतो. दोन वर्षं ती सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब टाकत होती आणि नजर टिकून होती. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं, 'मोतीबिंदूसारखं हे नाही. यात गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही.' महाराजांनी मात्र निदान केलं की थेंब हे पृथ्वीवरचं रसायन आहे आणि ते ताऱ्याचे किरण अडवतं. अकरा संध्याकाळ थेंब बंद, डिशकडे टक लावून बसायचं, तारकाबंधू डोळे नवे करून देतील. आणि हो, जाताना टोपलीभर भाजी ठेवून जायची. ब्याऐंशी प्रकाशवर्षांवर वांग्याची लागवड होत नसावी. सगळ्या टोपल्या रोज पहाटे महाराजांच्या गाडीतून कुठेतरी रवाना व्हायच्या.

आज बाईची सहावी संध्याकाळ होती.

मला ही बातमी फोनवर कळली तेव्हा मी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या घरून जो निघालो तो थेट केळझरजवळच्या या गावी आलो. सोबत माझी मुलगी अंकिता होती. ती पुण्याकडे, आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणीवर शिकते आणि सुट्टीला घरी आली होती.

मांडवातून बाईच्या घरी आल्यावर मी तोंड उघडलं आणि बाईने ते लगेच बंद केलं.

"तुले काय समजते वासू? तू मिक्सर दुरुस्त करतो. या पोरीले विचार. हेच त मागच्या दिवाळीले सांगत होती का शास्त्रज्ञ ताऱ्यावरच्या जीवाईले शोधून राह्यले म्हणून. मंग भेटले त काय बिघडलं?"

"शोधतात आत्या, अगदी खरं आहे," अंकिता म्हणाली. "मलाही तेच काम करायचंय. पण सिग्नल आला की आम्ही नाचत नाही. आधी घाबरतो, की आपल्याच घरातलं काही वाजतंय का. एका मोठ्या दुर्बिणीला कित्येक वर्षं मधूनच चमत्कारिक सिग्नल यायचे. शोधता शोधता सापडलं काय, तर तिथल्याच लोकांचा जेवण गरम करायचा ओव्हन. कोणीतरी घाई करून तो चालू असतानाच दार उघडायचं."

भाऊजी खो-खो हसले. बाई नाही हसली.

"ओव्हन रोज वाजत असन. आमचा तारा काही रोज वाजत नाई. चतुर्थीले नाई बोलला. महाराज म्हणे, त्याहिचाबी उपास होता."

"चतुर्थीले मी कुठी होतो?" भाऊजी मोठ्या अभिमानाने म्हणाले. "केळझरले गणपतीच्या दर्शनाले गेलतो. चंद्र निघाल्यावर वापस आलो. मी नाई, त तारा नाई! पर त्या दिवशी माह्यं नुकसान झालं गड्या. डुकराईनं वांग्याचं वावर उकरून ठेवलं."

अंकिताचा चहाचा कप तोंडाजवळच थांबला.

"त्याच दिवशी बरी आली डुकरं?"

"मंग? झटका मशीन चालू कराले घरी कोण होतं?"

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे रानडुकरं पिकाची नासाडी करतात, म्हणून शेताभोवती तार ओढतात आणि तिला सोलरवर चालणारं झटका मशीन लावतात. डब्याएवढं मशीन. दर सेकंदाला तारेत एक झटका सोडतं. डुकराला चटका बसतो, ते पळतं. दिवसा शेतात माणसं असतात म्हणून मशीन बंद. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी शेतकरी जातो, बटण दाबतो आणि घरी येतो. म्हणजे तसा घरी येतो. भाऊजी अलीकडे थेट मांडवात यायचे.

आम्ही बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. बाईला सांगून ती ऐकणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमारास, आम्ही दोघं भाऊजींसोबत वावरात गेलो. माझ्या खिशात जुना ट्रान्झिस्टर होता. तो मी दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावला. भाऊजींनी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मशीनचं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकू लागला.

टक... टक... टक...

दिवा लागला की ट्रान्झिस्टर टक करायचा. विझला की गप्प. भाऊजींची ती तार शेताला वळसा घालून थेट मांडवाच्या मागून गेली होती, आणि मध्ये दोन ठिकाणी गवतात लोळत होती. तिथे ठिणगी उडायची, आणि ठिणगी उडाली की आसपासच्या रेडिओत आवाज होणारच. महाराजांनी मांडवाची जागा काही पंचांग पाहून निवडली नव्हती.

"बंद करून पाहा," अंकिता म्हणाली.

भाऊजींनी बंद केलं. खरखर राहिली, टकटक गेली. चालू केलं. आली. त्यांनी असं चार वेळा केलं. मग ते धुऱ्यावर मटकन खाली बसले.

"रोज ऐकतो मी याची टकटक. मांडवात घुमे, त वळखूच आली नाई," ते म्हणाले. आणि मग एकदम बारीक आवाजात, "म्हणजे वासुदेवराव, तो तारा मीच वाजवून राह्यलो होतो? माह्याच हातानं मी तिचे डोळे घालवून राह्यलो होतो?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा," अंकिता म्हणाली. "आत्या आमचं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल."

भाऊजींनी बटण बंद केलं. "तुम्ही मांडवात जा," ते म्हणाले. "मी इथंच थांबतो. फोन चालू ठेवजा."

मांडव भरला होता. बाई पहिल्या रांगेत, डोळे डिशवर. शेजारची फेट्याची खुर्ची रिकामी. महाराजांनी पेटीशी खुडबुड केली. खरखर आली. टों काही येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. महाराजांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

"तानबाजी येऊ द्या," ते म्हणाले. "शुभ पायाशिवाय..."

माझा फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकून सरळ माइकसमोर धरला.

"ऐकून राह्यली काय वं?" साऱ्या मांडवात भाऊजींचा आवाज घुमला. "मी हाव, तानबा. धुऱ्यावर हाव, आपल्या झटका मशीनपाशी. तू सांग, किती वाजवू?"

बाई गोंधळली. तिने फोनकडे पाहिलं, डिशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाच," ती म्हणाली.

टों... टों... टों... टों... टों. आणि थांबलं.

"सात," बाई पुढे सरकून म्हणाली.

आता सगळा मांडव मोजत होता. सात झाले आणि थांबलं.

"अव माय!" आनंदाबाई म्हणाल्या. "महाराजाले घंटाभर पुसा लागते, तानबा त लगेच सांगते!"

लोक हसू लागले आणि महाराज भडकले. "खोटं हाय! मशीनचा आवाज इतक्या लांब रेडिओत येतच नाई! तार गवताले टेकली असन आन् जमिनीतला अर्थिंगचा खिळा सुकला असन, तरच येते!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण जीभ चावायला थोडा उशीरच झाला होता.

"महाराज," मी म्हणालो, "अर्थिंगचा खिळा ब्याऐंशी प्रकाशवर्षांवरपण ठोकतात काय?"

मग अंकिताने पेटी उघडली. आत एक ट्रान्झिस्टर होता. डिशची वायर त्याला जोडलेलीच नव्हती, पेटीच्या आत नुसती गाठ मारून सोडून दिली होती. पोलीस पाटील पुढे आले आणि त्यांनी दोनच प्रश्न विचारले, तेव्हा अंतरिक्षानंदांनी कबूल केलं की ते तीन वर्षं गावोगाव झटका मशीन विकत आणि दुरुस्त करत होते. धंदा सोडून त्यांनी थेट ताऱ्यांची एजन्सी घेतली, एवढंच. पोलीस ठाण्याची गाडी आली तेव्हा ते माणसासारखं साधं बोलत होते. आजाऱ्याचं औषध बंद करायला लावून चमत्काराने बरं करतो म्हणणं आपल्या राज्यात गुन्हा आहे, हेही गावाला त्या संध्याकाळी कळलं.

बाई तशीच बसून होती. भाऊजी धापा टाकत मांडवात आले. आज त्यांना कोणी फेटा बांधला नाही.

"आज एक सांज अजून बिनाथेंबाची गेली," बाई म्हणाली. "थेंबाची शिशी त मी तुमच्यापाशी फेकाले देली होती."

भाऊजींनी मान खाली घातली. "नाई फेकली. काऊन त मलेबी नाई माहीत. खुर्चीत बसलो का मले सारं खरं वाटे. घरी आलो का भेव वाटे. कपाटात ठेवली हाय."

तेव्हा बाई रडली. मीही डोळे पुसले. उगीच कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला तपासणी झाली. दाब वाढला होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली, ती गेलीच. बाकीची वाचली. "अकरा दिवसांनी गुण आला नाही म्हणून त्याने अजून अकरा सांगितले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही बसल्या असत्या." बाईने मान हलवली. बसलीच असती.

मी शहाणा आणि गाव येडं, असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही. गावाने आवाज ऐकला होता तो खराच होता. चूक एवढीच की कोणी मशीन बंद करून पाहिलं नाही. आकाशात जीव शोधणारी माणसंही तेच करतात. दुर्बीण ताऱ्यावर रोखतात, मग बाजूला वळवतात. तरीही आवाज आला तर तो ताऱ्याचा नाही, आपलाच. किती हौसेने वाट पाहत असतात, तरी दरवेळी आधी स्वतःवरच शंका घेतात, आणि 'अजून सापडलं नाही' हे सांगायची लाज वाटून घेत नाहीत. एवढं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एकदा बटण शोधा. सापडलं नाही तरी शोधत राहा. आणि काहीही झालं तरी डॉक्टरने दिलेलं औषध थांबवू नका.

बाईला गावी पोचवून आम्ही परत निघालो, तेव्हा ती आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आली. थेंब टाकून आली होती, डोळे ओले होते. अंकिताचा हात धरून म्हणाली, "खरं सांगजो पोरी. वर कोणी असन काय?"

"असेल आत्या. आकाश खूप मोठं आहे. पण अजून तरी कोणाचा निरोप आलेला नाही."

"कसा नाई आला?" बाई म्हणाली. "मी पाच म्हटलं, त्यानं पाच वाजवले. सात म्हटलं, सात वाजवले. इतकं ऐकणारा माणूस धुऱ्यावर होता आन् मी आभाळाकडे पाहून राह्यली होती."

भाऊजी मागे उभे होते. ते लाजले, आणि घड्याळ पाहून लगबगीने वावराकडे निघाले. मशीन चालू करायची वेळ झाली होती.