अप्पांना पाडलं तेव्हा

दुखण्यात अप्पांनी धनलक्ष्मीवर पहिल्यांदा हात उगारला तो अंघोळीच्या वेळी. बादलीत कोमट पाणी काढलेलं होतं, दाराला टॉवेल अडकवलेला होता, आणि ती त्यांचा बनियन काढता काढता म्हणत होती, "अप्पा, हात वर करा की जरा." त्यांनी हात वर केला आणि सरळ तिच्या कानशिलाकडे आणला. धनलक्ष्मी बाजूला सरली. हात हवेतून गेला, अप्पांचा तोल सुटला, आणि ते नळावर आपटणार तोच तिने त्यांना कमरेला धरून सावरलं.

"नी यारु?" ते कानडीत ओरडले. तू कोण?

"मी धना. तुमची धना."

"चोर आहेस तू. घरात शिरलीस."

त्या दिवशी अंघोळ झाली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसून, धुतलेला सदरा घालून, चहात पाव बुडवून भरवून तिने त्यांना खाटेवर बसवलं. मग शेजारच्या म्हाळसाबाईंना हाक मारली आणि कामावर गेली. होटगी रोडवरच्या एका शाळेत ती मुलींना ज्युदो शिकवायची. तिशी ओलांडली होती, लग्न केलं नव्हतं. आई सुंदरम्मा जाऊन काही वर्षं झाली होती, धाकटा भाऊ प्रभु पुण्यात नोकरीला होता. जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत आता बाप आणि लेक, दोघंच. बापाच्या डोक्यातून रोज काहीतरी थोडं थोडं निसटत चाललं होतं.

अप्पा, म्हणजे मल्लप्पा, शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते. त्यांच्या गाडीने कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगायचे. म्हातारं माणूस चढलं की ते नीट बसेपर्यंत मल्लप्पा गाडी हलवायचे नाहीत. हॉर्नसुद्धा बेतानं वाजवायचे. घरी आल्यावर मात्र भाकरी गार का, पंखा चालू का ठेवला, माहेरचा फोन कशाला आला, कशावरूनही त्यांचा हात सुंदरम्मावर पडायचा. मुलांना ते मारत नसत. मुलं दाराआड उभी राहून ऐकायची.

धनलक्ष्मी सहावीत होती तेव्हा सुंदरम्मा तिला मानसिंग सरांच्या ज्युदोच्या वर्गाला घेऊन गेली. नवऱ्याला न सांगता. सर हॉलच्या दारातच उभे होते. सुंदरम्मा पदर ओढून घेत म्हणाली, "हिला असं काहीतरी शिकवा, की हिच्यावर कुणाचा हात पडू नये." सरांनी तिच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहिला असावा. पण विचारलं काहीच नाही. "उद्यापासून पाठवा," ते म्हणाले, "नखं कापून."

पहिले कित्येक आठवडे त्यांनी तिला नुसतं पडायला शिकवलं. मागे पड, कुशीवर पड, हनुवटी छातीला लाव, हाताची थाप गादीवर मार. धनलक्ष्मीला याचा वीट आला. तिला पाडायला शिकायचं होतं, आणि एक दिवस तिने ते सरांना बोलून दाखवलं.

"कुणाला पाडायचंय?"

"अप्पांना."

बाकीच्या पोरी हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "ज्याला धरलंस, तो जमिनीला टेकेपर्यंत तुझ्या जिम्म्यात असतो. त्याचं डोकं आपटलं तर ती तुझी चूक. त्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही. एवढं जमलं की मग पाडायचं बघू."

पुढे तिला सगळं जमलं. जिल्ह्यात नाव झालं, राज्यात पदक मिळालं. पण त्याआधी सरांनी तिचा राग चांगला ठेचून काढला होता. बार्शीच्या एका मुलीने लढतीत केस ओढले म्हणून धनलक्ष्मीने तिला मुद्दाम जोरात आदळलं, तेव्हा सरांनी महिनाभर तिला गादीवर पाऊल टाकू दिलं नाही. रोज यायचं, कोपऱ्यात बसून बघायचं, शेवटी सगळ्या गाद्या पुसायच्या आणि घरी जायचं. पहिले काही दिवस ती रडली. नंतर नुसती बघू लागली. राग आलेली पोरगी पकड घेण्याआधी खांदे वर उचलते, श्वास कोंडते, आणि म्हणूनच हरते, हे तिला तिथे बसून दिसलं.

दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी अप्पांनी स्वयंपाकघरात सुंदरम्मावर हात उगारला आणि धनलक्ष्मीने तो मनगटाजवळ धरला. त्यांनी हिसका दिला. हात सुटला नाही. ती ओढत नव्हती की पिळत नव्हती, नुसती धरून होती. एक पाऊल आत टाकून कंबर फिरवली असती तर अप्पा फरशीवर पडले असते. दोघांनाही ते त्या क्षणी कळलं.

"बास, अप्पा."

अप्पांनी पुन्हा कधी बायकोवर हात टाकला नाही. पण त्या दिवसापासून ते लेकीशीही बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं तर "तिला सांग" असं सुंदरम्माला म्हणायचे. पदक आणलं तेव्हा पेपरातला फोटो त्यांनी बघितला आणि पेपर घडी घालून ठेवला. सुंदरम्मा एकदा भांडी घासताना म्हणाली, "बरं केलंस तू." थोड्या वेळाने म्हणाली, "पण घर लई गप्प झालं गं."

आणि आता त्याच माणसाला ती घास भरवत होती.

उन्हाळा वाढला तसं अप्पांचं दुखणंही वाढलं. दुपारी पत्रे तापायचे आणि ते खोलीभर येरझारा घालायचे. कधी त्यांना डेपोत जायचं असायचं, कधी घरात कुणीतरी शिरलंय असं वाटायचं. बऱ्याचदा त्यांना धनलक्ष्मी ही सुंदरम्माच वाटायची, आणि ते जास्त वाईट होतं. तिने आपली रीत बसवली होती. त्यांच्या समोर उभं राहायचं नाही, कुशीला राहायचं. कोपराच्या वर धरायचं, म्हणजे कातडी सोलत नाही. त्यांनी ढकललं की ढकलू द्यायचं, त्यांचाच जोर वळवून त्यांना खाटेकडे न्यायचं. म्हाताऱ्या अंगावर तिच्या बोटांचा एक वळ उठला नव्हता. तिच्या अंगावर मात्र होते. शाळेत ती उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा कुडता घालायची.

"लई सोसतीस गं तू," म्हाळसाबाई म्हणायच्या. "माझ्यानं न्हाय झालं असतं बाई."

प्रभुचा फोन यायचा. "ताई, कुंभारीच्या बाजूला एक चांगली संस्था आहे. अशा माणसांना ठेवून घेतात. मी चौकशी केलीये."

"नको. मला जमतंय."

"तू किती दिवस..."

"मला जमतंय म्हटलं ना प्रभु."

खरं तर त्यात तिला एक अभिमानच होता. एवढी वर्षं गादीवर घासलेलं अंग इथे कामी येतंय, दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं, असं तिला वाटायचं. संस्थेतल्या कुणी अप्पांना बांधून ठेवलं तर? दंड पिरगाळला तर? तिच्या हातून तसं होणार नाही, याची तिला पक्की खात्री होती.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती शाळेचं उन्हाळी शिबिर संपवून घरी आली. दिवसभर पाणी धड प्यायला मिळालं नव्हतं. म्हाळसाबाई म्हणाल्या, "आज जेवलं न्हाईत. ताट भिरकावलं," आणि आपल्या घरी गेल्या. धनलक्ष्मीने फरशी पुसली, ताजा भात टाकला, दूध घालून कालवला आणि अप्पांसमोर बसली. थकव्यात ती समोरच बसली, कुशीला नाही.

पहिला घास त्यांनी गिळला. दुसरा तिच्या तोंडावर थुंकला. मग ते बोलू लागले. सुंदरम्माचं नाव घेऊन, तिच्या आईबापाचा उद्धार करत, शब्दन् शब्द तोच, जो धनलक्ष्मीने लहानपणी दाराआडून ऐकला होता. बाकी सगळं विसरलेल्या त्या डोक्यात एवढं मात्र जागच्या जागी शाबूत होतं. ती उठली. "अप्पा, आई नाही आता," ती म्हणाली. तेही उठले, आणि खाटेजवळचा पितळी तांब्या उचलून त्यांनी तिच्या कपाळावर हाणला.

पुढचं तिने ठरवून केलं नाही, असं ती नंतर स्वतःला पुष्कळदा सांगणार होती. तिच्या डाव्या हाताने त्यांची बाही धरली, उजव्याने सदऱ्याची कॉलर. पाऊल आत गेलं. कंबर फिरली. अप्पांचे पाय जमिनीवरून सुटले. किती हलके होते ते! आणि त्या हलकेपणात तिला, एका क्षणापुरतं का होईना, गोड वाटलं. सहावीतल्या पोरीला जे हवं होतं ते तिच्या हातात आलं होतं.

मग तिला त्यांचं डोकं खाली जाताना दिसलं, आणि खाली फरशी होती.

फेक सुरू झाली की ती थांबवता येत नाही. तिने बाही सोडली नाही. बाही आपल्याकडे ओढली, स्वतःला वळवलं आणि त्यांच्याखाली गेली. खांद्यावर पडली. अप्पा तिच्या अंगावर पडले. आत काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज तिने ऐकला, तो त्यांचा की तिचा हे तिला कळेना. तिने चांगल्या हाताने त्यांचं डोकं चाचपलं, पाठ चाचपली, मांडी दाबून पाहिली. ते विव्हळले नाहीत. तिच्या छातीवर तोंड ठेवून ते लहान मुलासारखे रडत होते आणि "अव्वा, अव्वा" म्हणत होते. आईला बोलावत होते. तिच्या कपाळातलं रक्त त्यांच्या पांढऱ्या केसांत उतरत होतं.

आवाज ऐकून म्हाळसाबाई धावत आल्या. "काय झालं गं?"

"पाय घसरला," धनलक्ष्मी म्हणाली.

तिच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं. अप्पांना साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला, कपाळाला टाके घातले. रात्रीच्या गाडीने प्रभु आला. तो चिडला नाही, तिला काही बोलला नाही, अप्पांची दाढी करून दिली आणि भाताचा कुकर लावला. ते बघून तिला जास्तच रडू आलं.

दोन-चार दिवसांनी ती मानसिंग सरांकडे गेली. सर आता थकले होते, गुडघ्यांना पट्टे बांधून अंगणात खुर्चीवर बसायचे. तिने त्यांना सगळं सांगितलं. काय झालं ते, आणि अप्पांचे पाय उचलले गेले तेव्हा कसं वाटलं तेही. शेवटचं सांगताना तिने मान खाली घातली होती.

सरांनी गुडघ्याचा पट्टा जरा सैल केला.

"तू खाली गेलीस म्हणून वाचला तो," ते म्हणाले.

"पण पाडलं मीच ना, सर?"

"हो. तूच पाडलंस."

ते नाही म्हणतील, तुझा काय दोष म्हणतील, असं तिला आत कुठेतरी वाटत होतं. ते तसं म्हणाले नाहीत, याचं वाईटही वाटलं आणि बरंही.

"सर, तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत. मला वाटायचं माझ्यातला राग गेला."

"माझाच अजून गेला नाही," सर म्हणाले. "शिकवलं त्याचा एवढाच उपयोग झाला, की अर्ध्या वाटेत तुला जाग आली. पुढच्या वेळी येईल का?"

धनलक्ष्मीने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं.

"माहीत नाही."

"मग आता त्याच्याजवळ एकटी राहू नकोस. मी बार्शीच्या पोरीच्या वेळी तुला गादीवरून उतरवलं होतं. आता उतरवायला मी नाही. तुझं तुलाच उतरायला लागेल."

परत येताना रिक्षात तिने प्रभुला फोन लावला आणि त्या कुंभारीकडच्या संस्थेबद्दल विचारलं.

अप्पांना नेलं त्या सकाळी ते खुशीत होते. प्रभुने त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं होतं आणि वाटेत ते त्याला कुठे वळायचं, कुठे हळू करायचं ते बरोबर सांगत होते. संस्थेच्या व्हरांड्यात एक तरुण परिचारिका आली. धनलक्ष्मीने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. समोर उभं राहायचं नाही. कोपराच्या वर धरायचं. भात दुधात कालवायचा. संध्याकाळी जास्त जपायचं. समोरच्या बाईला ते कधीकधी सुंदरम्मा, म्हणजे आपली बायको समजतात.

"आणि सुंदरम्मा म्हणून हाक मारली तर?" परिचारिकेने विचारलं.

"तर तिथून बाजूला व्हायचं. वादाला जायचं नाही," धनलक्ष्मी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मला जमलं नाही ते."

अप्पा मागे वळून न बघता आत गेले.

घरी आल्यावर तिने खाट भिंतीला उभी करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर आणली. हात बरा झाला, शाळा सुरू झाली. नव्या मुली आल्या. पडायला शिकवताना तिचा आवाज आता आधीसारखा खणखणीत निघत नसे, असं जुन्या मुलींना वाटलं. एका दुपारी एक मुलगी तिला म्हणाली, "मॅडम, हे शिकल्यावर राग येत नाही ना?" धनलक्ष्मी म्हणाली, "येतो," आणि तिला पुन्हा पडायला लावलं.

दर रविवारी ती अप्पांना भेटायला जाते. ते वाळले आहेत, पण शांत आहेत. नवीन गोळ्यांमुळे असेल. तिला ते ओळखत नाहीत. कुणी पाहुणी आलीय असं समजून खुर्ची पुढे सरकवतात, "बसा बाई, उन्हातून आलात," म्हणतात. एवढ्या आदबीने ते तिच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते.

मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, "तुमचे वडील आहेत का?"

"आहेत."

"कसे आहेत स्वभावाने?"

व्हरांड्यात कुणीतरी केळी वाटत होतं. धनलक्ष्मीने एक घेऊन सोललं आणि अर्धं मोडून त्यांच्या हातात दिलं.

"बाहेरच्यांना फार चांगले होते," ती म्हणाली.

अप्पांनी समजल्यासारखी मान हलवली आणि केळं खाऊ लागले. ते संपेपर्यंत ती तिथे बसून राहिली.