जुन्या मापाने नवा माल

कोंडाजीने चहाची बशी खाली ठेवली, हात लेंग्याला पुसले आणि टाइप केलेल्या प्रबंधाचं शेवटचं पान उचललं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं; कागदाची कड सरळ कापलीय का, ते त्याने आधी पाहिलं. सातपूरच्या कारखान्यात सोळा वर्षं तयार माल तपासणाऱ्या माणसाची खोड ती, घरी आल्यावर सुटते थोडीच.

"काय निघालं शेवटी?"

"नवा सिद्धांत चुकीचा निघाला," त्याची लेक मंगला म्हणाली. "तो मांडणारे म्हणतात, गुरुत्वाकर्षण काळाबरोबर कमी होत जातं. मी दूरच्या दीर्घिकांच्या अंतरांशी ताडून पाहिलं. जुळत नाही."

कॉलेजात शिकवून, रविवारी पुण्याला खेटे घालून चार वर्षांत तिने हे पुरं केलं होतं. सोमवारी प्रबंध दिला की पोरगी डॉक्टर, असं कोंडाजीने कॉलनीभर सांगून ठेवलं होतं.

"एवढ्या लांबची अंतरं मोजली कशानं?"

"त्याचे तक्ते असतात, बाबा."

"ते कुणी केले?"

"गुरुत्वाकर्षण बदलत नाही, हा जुनाच सिद्धांत खरा धरून..." मंगला बोलता बोलता थांबली.

कोंडाजी आपल्याच नादात होता. "आमच्यात नव्या ड्रॉइंगचा माल जुन्या मापाच्या गेजनं तपासत नाय. बसला नाय तर चूक मालाची का गेजची, कळायचं कसं?"

मंगलाने पान त्याच्या हातातून घेतलं आणि पुन्हा वाचलं. कोंडाजीला वाटलं, पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास आपणच काढला. जिभेला हाड नसतं, हेच खरं.

तिने पेन्सिलीने शेवटचा परिच्छेद खोडला.

"सोमवार हुकला. हे प्रकरण पुन्हा करायला सहा महिने तरी जातील."

"मंग नवा बरोबर म्हणायचा?"

"तेही नाही सांगता येत. या कसोटीवर कुणालाच पास-नापास करता येत नाही." हे सांगताना ती हसली. चार वर्षांत एवढी खुशीत ती त्याला दिसली नव्हती, आणि ते पाहून त्याचाही जीव भांड्यात पडला. तक्ते पुढे ओढून ती पहिल्यापासून वाचू लागली.

कोंडाजी बाहेर आला. शेजारच्या शकुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"झाली का मंगल डॉक्टर?"

"नाय अजून. आज तिनं सवताचंच काम नापास केलं."

हे त्याने अशा काही तोऱ्यात सांगितलं, की शकुबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मंग पेढे कधी?"