इंजिन गार होतं

मित्रांनो, मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. काळा रंग कुठला नि पिवळा कुठला, हे आता मलाही सांगता येत नाही. धुळ्याकडच्या या गावात माझी हाडं झिजली. नऊ जणांच्या जागेत वीस जण कोंबले, तरी मी कुरकुरले नाही.

निवडणुकीत माझा रुबाब बघावा. बोनेटला हार असायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदानाला नेण्याचा मान माझा. मग निवडून आलेले पाच वर्षं सगळ्यांच्या वतीनं ठरवत. गाव गप्प व्हायचं, मलाही कोणी पुसत नसे.

एकदा मात्र प्रश्न थेट गावातल्या बायकांकडे आला. शाळेजवळचं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं? मतपत्रिकेवर दोन बाटल्या होत्या. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीलाच मत द्यायला हवं होतं. म्हणजे जी येणार नाही, ती न बोलता दुकानाच्या बाजूची.

नेमक्या मतदानाच्याच सकाळी बायकांसाठी पद्मालयाच्या गणपतीचं फुकट दर्शन निघालं. माझ्यासोबत आणखी गाड्या होत्या. खर्च कोण करतंय, हे कोणी विचारलं नाही. फुकट ते पौष्टिक. द्रौपदाबाई पुढच्या सीटवर बसल्या. त्यांचा मुलगा समाधान त्या दुकानात जायला लागला होता. त्याची दारू सुटावी म्हणून त्यांना नवस बोलायचा होता. दुपारी परत येऊन मत टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं.

परतताना उजाड माळावर ड्रायव्हर हिलालनं मला थांबवलं आणि बोनेट उघडलं. बाकीच्या गाड्याही थांबल्या.

"इंजिन तपी गयं, अक्का. थंड होऊ द्या."

"पाच लगुन मतदान शे, भाऊ. पोचसूत ना?" मत पाचपर्यंतच टाकता येणार, म्हणून द्रौपदाबाईंनी विचारलं.

"पोचसूत."

मित्रांनो, इंजिन गार होतं. ते मला नाही कळणार तर कोणाला? पण मला तोंड कुठं आहे? ऊन कलत गेलं. हिलालचा फोन वाजला. "हा मालक, गाड्या उभ्या शेतस," तो हळूच म्हणाला. पलीकडे दारूच्या दुकानाचा मालक होता. द्रौपदाबाई उतरल्या आणि त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला.

"हाई ते गार शे," त्या म्हणाल्या. हिलालनं बोनेट लावलं आणि मला चालू केलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा मतदान होतं त्या शाळेचं फाटक बंद झालं होतं. मत दिलेल्या जवळजवळ सगळ्यांनी बाटली आडवी केली होती. तरी निम्म्याला थोड्या कमीच पडल्या. दुकान राहिलं.

हल्ली मी त्या दुकानासमोर धूळ खात उभी असते. समाधान माझ्या मागच्या सीटवर येऊन पडतो. द्रौपदाबाई त्याला न्यायला येतात. आधी माझ्या बोनेटवर हात ठेवतात, मग त्याला उठवतात.

मित्रांनो, मला तेलपाणी नका करू, पण आपलं मत जपा. फुकटच्या गाडीत पाय ठेवण्याआधी ती कुठं नेतेय एवढंच नका विचारू. कशापासून लांब नेतेय, तेही विचारा.

गावात बाटलीचं मतदान पुन्हा लागलंय. काल हिलालनं मला धुतलं आणि बोनेटला हार घातला.