भामाआत्याचं शेवटचं कडवं

गाणं माझ्या भामाआत्याचं. करमाडला भीमजयंतीला ती स्वतः रचून गाते, आणि आमच्यात रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. तीच त्याची सही. ऋतुराजच्या बँडमध्ये मी ड्रम वाजवते. त्याला हे गाणं देताना मी एकच अट घातली होती, गाशील तर पूर्ण गा. तालमीत रोज पूर्ण गायचा, लबाड!

काल छावणीतल्या हॉलमध्ये आधी त्यानं माइक धरून भाषण ठोकलं. रॉक घडवलं काळ्या माणसांनी, त्यांच्या चाली उचलून नाव कमावलं गोऱ्यांनी, आणि मूळ गाणाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. हॉलभर टाळ्या पडल्या. मीही हातातल्या काड्या ठेवून टाळ्या वाजवल्या.

मग तो म्हणाला, "आता माझं नवं गाणं."

माझं?

तरी मी ठेका धरला. म्हटलं, शेवटच्या कडव्यात कळेलच सगळ्यांना. पण त्याच्या आधीच ऋतुराजनं हात उंचावून गाणं संपवलं. लोक उभे राहून ओरडायला लागले आणि तो वाकून वाकून नमस्कार करत राहिला.

पहिल्या रांगेत आत्या तेवढी बसून होती. आपलं नाव येणार म्हणून तिनं पदर सारखा केला होता.

मी खाली उतरले तशी तिनं हळूच विचारलं, "मधीच थांबलं व्हय गं? पोराला पुढचं याद नाय का?"

"याद होतं, आत्या. म्हणूनच थांबला."